परवाना कोणाच्या खिशात?

महाराष्ट्रात नशेच्या एका पदार्थासाठी सरकार आजही परवाना देतं. तो म्हणजे दारू पिण्याचा परवाना. त्याची मुळं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहेत. दारूवर पूर्ण बंदी घालणाऱ्या या कायद्याने आजारी माणसासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. 'प्रकृती टिकवण्यासाठी' दारूची गरज असल्याचं दाखवता आलं, की आरोग्य परवाना मिळे. ऐनवेळी औषध म्हणून ब्रँडीसारखी गोष्ट घरात ठेवायची असेल, तर तातडीचा परवानाही होता. आपला यवतमाळ जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा विदर्भालाही लागू झाला. पुढे महाराष्ट्रात अटी सैल होत गेल्या. गुजरातमध्ये मात्र त्याच जुन्या कायद्याखाली अजूनही आरोग्य परवाना दिला जातो. अर्जदार डॉक्टरांच्या मंडळापुढे जातो, मंडळ शिफारस करतं आणि महिन्याला किती दारू मिळेल ते ठरतं.

म्हणजे डॉक्टरचा दाखला, सरकारकडे अर्ज, ठरलेली मात्रा आणि खिशात कार्ड ही कल्पना आपल्याला परकी नाही. म्हणूनच आजकाल विचारला जाणारा प्रश्नही चुकीचा वाटत नाही. घरात कर्करोगाचा रुग्ण असतो, वेदनेने त्याला रात्ररात्र झोप नसते. कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं असतं, की अमेरिकेत अशा रुग्णाला गांजाचं कार्ड मिळतं. मग प्रश्न येतो, की आपल्याकडे त्यासाठी अर्ज कुठं करायचा?

याचं उत्तर सरळ आहे. असं कार्ड यवतमाळात मिळत नाही, मुंबईत मिळत नाही आणि भारतातल्या कोणत्याही राज्यात मिळत नाही. 'कार्ड काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक आहे. पण एवढं सांगून थांबणं त्या रुग्णावर अन्याय करणारं होईल. आपल्या कायद्याने वेदनेवरच्या औषधांची सगळी दारं बंद केलेली नाहीत. ती दारं वेगळ्या जागी आहेत, आणि बहुतेकांना ती ठाऊक नाहीत. ती शोधायची असतील तर प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पाहायची: परवाना कोणाच्या खिशात आहे?

अमेरिकेत कार्ड का लागलं

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७० मध्ये गांजा सर्वांत कडक यादीत टाकला. त्या यादीतला पदार्थ डॉक्टर लिहून देऊ शकत नाही आणि औषधांचं दुकान विकू शकत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यापुरता वेगळा कायदा मंजूर केला. एड्स आणि कर्करोगाच्या रुग्णांचा आग्रह त्यामागे होता. पण डॉक्टरने चिठ्ठी लिहिली असती, तर केंद्राचा कायदा मोडला असता. म्हणून वाट काढली गेली. डॉक्टर फक्त 'या रुग्णाला गांजाचा उपयोग होऊ शकतो' अशी शिफारस करेल, रुग्ण राज्याकडे नाव नोंदवेल, आणि पोलिसांना दाखवता यावं म्हणून राज्य त्याला ओळखपत्र देईल. कॅलिफोर्नियाने कार्डाची पद्धत २००३ च्या कायद्याने आणली. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, असा कायदा २०१० मध्ये झाला.

राज्याराज्यांत तपशील बदलतो, पण क्रम सगळीकडे जवळपास सारखाच असतो. आजार राज्याच्या यादीत असावा लागतो. नोंदणीकृत डॉक्टर तपासून प्रमाणपत्र देतो. रुग्ण त्या राज्यात राहत असल्याचा पुरावा देऊन आणि शुल्क भरून अर्ज करतो. कार्डाची मुदत संपली, की पुन्हा तपासणी.

हे कार्ड म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा यांच्यात जी फट पडली, तिच्यावर टाकलेली ती फळी आहे. त्याच अमेरिकेत गांजातल्या घटकांवर आधारलेली, रीतसर तपासलेली औषधं कार्डाशिवाय, साध्या चिठ्ठीवर मिळतात. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर ड्रोनाबिनॉल १९८५ पासून आहे. लहान मुलांमधल्या दोन अवघड प्रकारच्या फेफऱ्यांवर कॅनाबिडिऑलचं द्रावण २०१८ मध्ये मंजूर झालं. वनस्पतीतला घटक शुद्ध रूपात आणि ठरलेल्या मात्रेत चाचण्यांतून पार पडला, की त्याला इतर औषधांचीच वाट मोकळी होते. मग परवाना रुग्णाला लागत नाही, तो औषधाला मिळालेला असतो.

वऱ्हाडात गांजाची दुकानं होती

आपल्या भागात परवाना कधी दुकानदाराच्या खिशात होता. १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव वणी जिल्हा असं होतं आणि तो वऱ्हाडाचा भाग होता. इंग्रजांच्या राज्यात गांजा विकण्याचे ठेके दिले जात. सरकार ठेक्याची रक्कम आणि कर घेई, पिणाऱ्याला काही विचारत नसे.

१८९३ मध्ये इंग्लंडच्या संसदेत या धंद्यावर प्रश्न उभा राहिला आणि हिंदुस्थान सरकारने गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला आयोग नेमला. सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या. त्यांत डॉक्टर होते, वैद्य-हकीम होते, तहसीलदार होते, शेतकरी होते, आणि वऱ्हाडातल्या लोकांचीही उत्तरं होती. १८९४ चा अहवाल सात खंडांचा झाला. मर्यादित सेवनाने फारसं नुकसान होत नाही आणि अतिरेकाने होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पूर्ण बंदी नको. लागवड, विक्री आणि कर यांवर नियंत्रण हवं, अशी शिफारस त्याने केली. या वनस्पतीचा औषधी उपयोग लोकांत किती पसरलेला आहे, याच्या नोंदी त्यात पानोपानी आहेत. जुलाब, पोटदुखी, हिवताप, गुराढोरांची दुखणी, सगळ्यांवर ती वापरली जात होती.

त्याच्या अर्धशतक आधी, १८३९ मध्ये, कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टराने गांजाचा अर्क धनुर्वात, पटकी, संधिवात आणि तान्ह्या बाळाच्या आकडीवर वापरून आपली निरीक्षणं मांडली. युरोपच्या आधुनिक वैद्यकात हे औषध गेलं ते या निरीक्षणांच्या वाटेने. अमेरिकेतल्या कार्डाच्या गोष्टीची एक मुळी अशी आपल्याच मातीत आहे.

१९८५ चा कायदा नेमकं काय म्हणतो

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली तेव्हा गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, अंमली पदार्थांचा कायदा लागू झाला. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात.

या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे, आणि चरस म्हणजे झाडापासून वेगळा काढलेला चीक. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग काही राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानांत मिळते. महाराष्ट्रात मात्र भांगही १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत आहे. परवान्याशिवाय ती बनवणं, बाळगणं आणि विकणं हा इथे गुन्हा आहे. 'भांगेला कायदा लागत नाही' हे वाक्य यवतमाळात खरं मानून चालू नये.

गांजाची शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपेक्षा कमी प्रमाण अल्प मानलं जातं, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण. तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते आणि जामीनही फार अवघड होतो. चरसाच्या बाबतीत हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. 'आजारी माणसासाठी नेत होतो' असं सांगून सुटका होईल अशी सोय यात नाही, कारण रुग्णाच्या खिशात परवाना ठेवण्याची कल्पनाच या कायद्याने गांजाच्या बाबतीत स्वीकारलेली नाही.

लागवडीची बाब आणखी कडक आहे. तुरीच्या ओळीत किंवा पऱ्हाटीच्या आड लावलेल्या झाडाला वजनाची सवलत नाही. परवान्याशिवाय लागवड केली, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या वावरात अशी लागवड दिसली, तर कळवणं हे शेतमालकाचं कर्तव्य आहे. पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही कायद्याने हीच जबाबदारी टाकली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, दुसऱ्या पिकांना भाव मिळत नाही म्हणून गांजा लावू द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. कापूस-सोयाबीनच्या भावाने पोळलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला त्या अर्जामागचं दुःख कळेल. पण महाराष्ट्रात ती परवानगी मिळत नाही. कायद्याने लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे, आणि धागा-बियांच्या पिकासाठीही त्यात सोय आहे. त्याचा वापर करून उत्तराखंडने २०१८ पासून नशा जवळजवळ नसलेल्या जातीच्या लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. तिथे परवाना शेतकऱ्याच्या खिशात असतो, आणि तो धाग्यासाठी असतो.

व्यसनात अडकलेल्या माणसासाठीही या कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. घरच्यांना हे आधी माहीत असेल, तर त्या पोराचं आयुष्य वाचू शकतं.

वैद्याच्या चिठ्ठीवरची विजया

आता उघडी दारं पाहू. पहिलं दार आयुर्वेदाचं आहे. आयुर्वेदात या वनस्पतीला विजया किंवा भंगा म्हणतात. काही द्रव्यं पचण्याआधीच साऱ्या शरीरात पसरतात, त्यांना शार्ङ्गधर संहितेने व्यवायी म्हटलं आणि उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावं दिली. जुनाट जुलाबावरच्या जातीफलादी चूर्णात जायफळाबरोबर भांग असते. ती कच्ची वापरत नाहीत, आधी तिचं शोधन करतात.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी केलेली आहे, आणि तिच्यात भांग आहे. या यादीतलं द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणं बंधनकारक आहे. गेल्या काही वर्षांत विजयेच्या पानांचा अर्क असलेली तेलं आणि गोळ्या बाजारात आल्या आहेत. त्या याच वाटेने विकल्या जातात.

इथे परवाना औषध बनवणाऱ्याच्या खिशात आहे. रुग्णाला कार्ड लागत नाही, नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी लागते. म्हणून अशी बाटली घेताना चार गोष्टी पाहाव्यात: आयुष विभागाचा उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि प्रमाण, इशाऱ्याची ओळ, आणि आपल्या नावाची, तारखेची चिठ्ठी. बाटली आणि चिठ्ठी प्रवासात एकत्र ठेवावी. चालू असलेली ॲलोपॅथीची औषधं वैद्याला सांगावीत, कारण कॅनाबिडिऑल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची आणि फिटवरच्या क्लोबाझॅमची मात्रा रक्तात वाढवू शकतं. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, कोवळ्या वयातल्या मुलांनी आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांनी यापासून दूर राहावं.

या औषधाने कर्करोग बरा होत नाही. असा दावा कुणी करत असेल, तर तिथून उठावं. केमोथेरपीची मळमळ, काही जुनाट दुखणी, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि काही प्रकारची फेफरी, एवढ्या ठिकाणी उपयोगाचा बऱ्यापैकी पुरावा आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातल्या सर्वांत कडक यादीतून काढलं तेही या औषधी उपयोगाची दखल घेऊनच. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि भारताचं मत बाजूने पडलं.

मॉर्फिनचं दार

दुसरं दार अधिक मोठं आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या वेदनेवर जगभर ज्या औषधाचा आधार घेतात ते गांजा नव्हे, मॉर्फिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची पायरी-पायरीची पद्धत सांगितली, तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर तेच आहे. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त असते. ती ज्या अफूपासून बनते, ती अफू भारत स्वतः मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याखाली पिकवतो.

तरीही एनडीपीएस कायदा आल्यावर आपल्याच देशात मॉर्फिन मिळेनासं झालं. एकेका दवाखान्याला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. चूक झाली तर किमान दहा वर्षांची शिक्षा, या भीतीने दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. देशभराचा मॉर्फिनचा वापर १९८५ मध्ये साडेपाचशे किलोंच्या पुढे होता. १९९७ मध्ये तो १८ किलोंवर आला. या घसरणीचा अर्थ असा, की त्या वर्षांत लाखो माणसं वेदनेत तळमळत गेली आणि त्यांच्यासाठीचं औषध देशातच होतं. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन यांना 'अत्यावश्यक अंमली औषधं' म्हणून वेगळं काढलं, आणि २०१५ पासून देशभर एकच नियम लागू झाला.

आता अनेक परवान्यांच्या जागी एकच मान्यता पुरते. दवाखाना राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, अर्ज करतो. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, साठ्याची आणि वापराची नोंद ठेवावी, एवढं झालं की तो 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' होतो. परवाना दवाखान्याच्या कपाटात राहतो. रुग्णाच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी असते, तिच्यावर सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता आणि एकूण मात्रा. त्या चिठ्ठीवर मिळालेल्या गोळ्या घरी ठेवणं पूर्णपणे कायदेशीर आहे. दवाखाना दूर असेल, तर नातेवाइकाने गोळ्या कशा आणायच्या हेही डॉक्टरला विचारून घ्यावं.

अफूच्या बाबतीत तर भारताने एकेकाळी रुग्णाच्या नावाची नोंदही केली होती. १ एप्रिल १९५९ पासून औषधाव्यतिरिक्त अफू बंद झाली. त्यानंतर जुन्या सेवनकर्त्यांना डॉक्टरी सल्ल्याने नोंदवून ठरलेली मात्रा देण्याची पद्धत राहिली. एनडीपीएस कायद्याच्या कलम ७१ मध्ये आजही लिहिलेलं आहे, की सरकारकडे नोंदलेल्या व्यसनी लोकांना आणि 'वैद्यकीय गरज' असलेल्या इतरांनाही सरकार अंमली औषधं पुरवू शकतं. पुढे कधी भारतात गांजातल्या औषधासाठी रुग्णांची नोंदणी व्हायची असेल, तर तिचं बी या ओळीत आधीच पेरलेलं आहे.

जे कार्ड खरंच मिळतं

यवतमाळ जिल्ह्यात वेदनेचं आणखी एक नाव आहे, सिकलसेल. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या गोंड, कोलाम, परधान घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि इतर समाजांतही आढळतो. गोल रक्तपेशी विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडं फुटावीत अशा वेदना उठतात.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी सिकलसेल गांजाच्या कार्डाच्या यादीत घातला आहे. पण कार्डाची यादी आणि औषधाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियात २३ सिकलसेल रुग्णांवर झालेली काटेकोर चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वाफेने ओढलेल्या गांजाने वेदना कमी झाल्याचं तिच्यात ठामपणे दिसलं नाही. याउलट हायड्रॉक्सियुरियाच्या रोजच्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, आणि मोठा झटका आला की दवाखान्यात सलाइनबरोबर मॉर्फिनसारखं औषध देणं हाच मान्य उपचार आहे.

इथे अर्ज करण्याजोगं कार्डही आहे. आधी तपासणी: प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. अहवालात 'एएस' आलं तर माणूस वाहक, 'एसएस' आलं तर रुग्ण. वाहकाला पिवळं आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली आहे. आशाताईला विचारलं की वाट कळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आहे. त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळू शकतं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा, सेतू केंद्रातूनही होतो. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल लागतो. मग दवाखान्यातलं वैद्यकीय मंडळ तपासून टक्केवारी ठरवतं. बहुतेक सवलतींसाठी ती ४० टक्के किंवा जास्त असावी लागते. एसटीच्या प्रवासातली सवलतही सिकलसेल रुग्णांना आहे. आणि लाल कार्डाचा सर्वांत मोठा उपयोग मध्यरात्री होतो. झटका आलेल्या पोराला घेऊन अनोळखी दवाखान्यात गेल्यावर, हा सिकलसेलचा रुग्ण आहे आणि त्याला वेदनेचं औषध ताबडतोब हवं, हे ते कार्ड बोलतं.

परदेशातल्या मुलांसाठी दोन शब्द

यवतमाळातली अनेक मुलं आज अमेरिकेत आहेत. तिथल्या राज्याचं कार्ड त्यांना मिळू शकतं, पण नागरिकत्वाचा अर्ज केंद्र सरकार तपासतं. राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरही नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो, असं तिथल्या स्थलांतर खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलं आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्याने आधी वकिलाला विचारावं. आणि आजोबांच्या गुडघ्यासाठी म्हणून तिथली बाटली किंवा गोळ्या कधीही बॅगेत आणू नयेत. भारताच्या विमानतळावर ते कार्ड चालत नाही. तिथे अंमली पदार्थ परदेशातून आणल्याचा गुन्हा लागतो.

काय विचारायचं

कार्डाची ओढ ही मुळात वेदना थांबावी याची ओढ असते. आणि ती ओढ न्याय्य आहे. आपल्या कायद्याने ज्या खिशांत परवाना ठेवला आहे, त्या सगळ्या खिशांची ओळख या प्रकरणात झाली: आयुर्वेदाच्या औषध कारखान्याचा, मान्यता घेतलेल्या दवाखान्याचा, आणि दिव्यांग कार्डाच्या रूपाने थेट रुग्णाचा. यातलं दवाखान्याचं दार असं आहे, की ते लोकांनी विचारलं नाही तर उघडायची कुणाला घाई नसते. दवाखान्याने अर्ज केला तरच त्याला मान्यता मिळते, आणि मागणी दिसली तरच तो अर्ज करतो.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या माणसाला घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाल, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाल, किंवा नागपूर-सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात जाल, तेव्हा तपासणी झाल्यावर उठण्याआधी तीन प्रश्न शांतपणे विचारा. या वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी देता येईल का? या दवाखान्याला त्याची मान्यता आहे का? नसेल तर जवळ कुठे आहे, आणि इथे मान्यतेसाठी अर्ज कधी होईल? उत्तर 'नाही' आलं, तर तेच प्रश्न कागदावर लिहून वैद्यकीय अधीक्षकांकडे द्या, आणि एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.